अंगणापुरतं

एक्केचाळिसावं पान कुणीतरी बदललं होतं. विंगेत उभं राहून प्रॉम्प्टिंग करणाऱ्या बाईला नटांच्या चार ओळी पुढं असावं लागतं, म्हणून स्टेजवर अजून एकोणचाळिसाव्या पानावरचं गाणं चाललेलं असतानाच मला ते दिसलं. बाकी सगळी पानं माझ्या हातची. मे महिन्यात, बाहेर लू वाहत असताना, पडदे ओढून मी व्हीसीआरसमोर बसले होते. एक वाक्य ऐकायचं, बटण दाबून चित्र थांबवायचं, लिहायचं, पुन्हा चालू करायचं. अख्खा सिनेमा असा साठ पानांवर उतरवून काढला. आणि आता चाळीस आणि बेचाळीसच्या मध्ये माझं पान नव्हतंच. टाचणीनं टोचलेला एक वेगळाच कागद होता, निळ्या बॉलपेननं भरलेला, आणि अक्षर माझ्या मुलीचं होतं. मुक्ता मराठी लिहिते, पण वळण शाळेतल्या हिंदीचं. ते मी झोपेतही ओळखेन. मूळ पानावर नायिका दारात उभ्या असलेल्या टांग्याकडं पाठ करते, हातातलं गाठोडं खाली ठेवते आणि म्हणते, ‘आई, माझं गाणं तुझ्या अंगणापुरतंच.’ नव्या पानावर ती टांग्याच्या पायरीवर पाय ठेवते आणि म्हणते, ‘आई, मी निघाले. तुझं अंगण तुला.’ माझ्या डोक्यात तिडीक गेली. गाणं संपलं, दीप्तीनं, म्हणजे नाटकातल्या आईनं, बोलायला तोंड उघडलं आणि पुढचं विसरून ती माझ्याकडं बघायला लागली, तरी मी त्या निळ्या अक्षरांकडंच बघत होते.

सिनेमाचं नाव मी घेत नाही. ते घेतलं की ज्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी येतं अशी माणसं आमच्यात खूप आहेत आणि मला त्यांचा वीट आलेला आहे. लखनौत मराठी घरं असून असून किती असणार? कुणी फौजेत, कुणी एअर फोर्समध्ये, कुणी माझ्या नवऱ्यासारखी संशोधन संस्थेत भिंगात डोळा घालून बसलेली. गणपतीचे दहा दिवस ही सगळी मंडळी अलीगंजच्या एका शाळेच्या सभागृहात जमतात, हलवायाकडून आणलेल्या खव्याच्या मोदकांना नावं ठेवतात आणि ते मोदक संपवतात. आणि दर वर्षी पाचव्या दिवशी तो सिनेमा बघतात. पूर्वी भाड्याचा प्रोजेक्टर आणायचे, आता व्हीसीआर. बघतात म्हणजे काय, म्हणतात. पडद्यावरच्या माणसानं तोंड उघडायच्या आत आमच्या मंडळाच्या पहिल्या चार रांगा त्याचं वाक्य म्हणून मोकळ्या होतात. शेवटचं ‘अंगणापुरतंच’ तर सगळे मिळून, आरतीच्या वर आवाज लावून. ज्यांची मुलं घरी ‘आई, सब्ज़ी में नमक कम है’ असं बोलतात, त्यांना वर्षातून एकदा असं घसा फोडून मराठी बोलायला मिळतं, तर बोलू देत बापडे, असं उल्हास एकदा म्हणाले होते. उल्हास म्हणजे माझे यजमान. ते स्वतः कधी म्हणत नसत. ते तिसऱ्या रांगेत हाताची घडी घालून बसत आणि मध्यंतरात चहा पिऊन घरी जात.

या वर्षी मंडळाच्या तरुण विभागानं, म्हणजे कॉलेजातल्या दहाबारा मुलामुलींनी, व्हीसीआरऐवजी स्टेजवर त्याच सिनेमाची संगीतिका करायची ठरवली. बसवणारा अमोघ, बाप विंग कमांडर, पोरगा केस मानेवर सोडलेला. सव्वीस वर्षं या मंडळात गाणी मी बसवत आले. नाट्यगीत म्हणा, भावगीत म्हणा, पोरींच्या गळ्यात चमच्यानं घालावं तसं घातलं. पण अमोघ म्हणाला, ‘काकू, गाने हम कीबोर्ड पर अरेंज कर रहे हैं, आप टेंशन मत लीजिए. आप प्रॉम्प्टिंग देख लीजिए ना, आपसे अच्छी मराठी किसकी है?’ हे लखनौ आहे. इथं माणसाला घराबाहेर काढायचं तरी आधी पान देऊन मग काढतात. मी फाइल घेतली आणि विंगेत जाऊन उभी राहिले. मुक्ता नायिका होती. तिचा आवाज माझा आहे, हे मला कुणी सांगायला नको आणि तिला कुणी सांगितलेलं तिला चालत नाही.

‘काकू, लाइन!’ दीप्ती म्हणत होती. मी म्हटलं, ‘हे पान कुणी बदललं?’ सगळे थांबले. कीबोर्डवरच्या मुलाचं बोट एका सुरावर तसंच राहिलं आणि तो सूर ऊं करत वाजत राहिला. अमोघ हसत पुढं आला. ‘काकू, वो हम लोगों ने थोड़ा चेंज किया है. नाइंटीज़ चल रहा है यार, लड़की वापस क्यों बैठेगी घर में?’ मला तो यार म्हणाला हे त्याच्या लक्षातही आलं नाही. मी मुक्ताकडं बघितलं. ती टांग्यावर बसली होती. टांगा म्हणजे शाळेचा बाक, त्याला दोन्ही बाजूंनी सायकलची चाकं टेकवलेली. ती चाकाची तार नखानं वाजवत होती. ‘आई, आप बस लाइन दीजिए,’ ती म्हणाली, ‘जो लिखी है, वो.’ लखनौची मुलं भांडतानासुद्धा आप म्हणतात. सातारला आम्ही बहिणी एकमेकींच्या झिंज्या उपटत होतो, आईला अगंतुगं करत होतो, पण त्यात काही आपलं होतं. हे आप म्हणजे दारात उभं करून आतून विचारणं. मी लाइन दिली. दीप्तीची दिली, मग मुक्ताचीही दिली, ‘आई, मी निघाले. तुझं अंगण तुला.’ माझ्याच तोंडून ते वाक्य आलं तेव्हा ते इतकं सपाट आलं की मुक्ता म्हणाली, ‘हाँ, बस, याद है मुझे.’

त्या संध्याकाळी स्कूटरवर मागं बसून इंदिरा नगरला येताना मला सातारचं घर दिसत होतं. घर कसलं, तेलाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खाली घाणा, वर आम्ही. कपडे, अंथरुणं, वह्या, सगळ्याला शेंगदाण्याच्या तेलाचा वास. अठरा वर्षांची होते मी. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये गायले, त्याच रात्री निरोप आला आणि चौथ्या दिवशी नरहर मास्तर घरी आले. ते पुण्याच्या एका नाटक कंपनीत पेटी वाजवायचे, त्यांना नव्या संगीत नाटकासाठी मुलगी हवी होती. टांगा खाली उभा ठेवून आले होते, संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं होतं त्यांना. दादा, म्हणजे माझे वडील, खुर्चीत, आई स्वयंपाकघराच्या दारात पदर धरून, बहिणी खिडकीशी. मास्तर म्हणाले, ‘पोरीच्या गळ्यात आहे. दोन वर्षं द्या मला.’ आई काही बोलली नाही. दादा म्हणाले, ‘हेमा, तुला काय वाटतं?’ आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले. तो सिनेमा तेव्हा नुकताच लागून गेला होता. मी चारदा बघितला होता. खाली टांगा होता, दारात आई होती, खिडकीतून संध्याकाळचं ऊन आईच्या अर्ध्या तोंडावर आलं होतं, सगळं सगळं तसंच होतं. आणि मी म्हटलं, ‘आई, माझं गाणं तुझ्या अंगणापुरतंच.’

मला जायचं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. जायचं होतं, पेटीत कुठली लुगडी घ्यायची ते मी तीन दिवस आधी ठरवून ठेवलं होतं. पण ते वाक्य इतकं सुंदर होतं आणि ते म्हणायची वेळ आयुष्यात खरोखर आली होती. ती मला सोडवली नाही. मी आवाजही तसाच लावला, शेवटी किंचित कापरा. म्हणताना मनात पक्कं होतं की कुणीतरी आता उठेल आणि म्हणेल, नाही पोरी, तू जा. सिनेमात कुणी म्हणत नाही, हे मला चारदा बघूनही कसं आठवलं नाही कुणास ठाऊक. आईनं डोळे पुसले. दादांनी नाक शिंकरलं. मास्तरांनाही गहिवरून आलं, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, पोहे खाल्ले आणि ते खाली टांग्यात जाऊन बसले. अंगण कुठलं? तेलाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांना अंगण कुठून आणू मी? कुणी विचारलंसुद्धा नाही. दीड वर्षानं लखनौचं स्थळ आलं, मुलगा शास्त्रज्ञ, आईच्या माहेरची ओळख, आणि मी अंतरपाटापलीकडच्या माणसाकडं बघताना विचार करत होते की यालाही तो सिनेमा आवडतो की काय. नव्हता आवडत. बघितलाच नव्हता. तेवढं एक बरं झालं म्हणायचं.

घरी आल्यावर मी कणीक मळायला घेतली. मुक्ता पाणी प्यायला आली. भोपाळच्या एका नाटक मंडळीत तिची निवड झाली होती. दोन वर्षं तिथंच राहायचं, सकाळी शिकायचं, संध्याकाळी तालीम. पत्र जुलैत आलं होतं, दसहरीचा शेवटचा हारा घेऊन मलिहाबादचा माणूस दारात आला होता त्याच दिवशी. आंबे उतरवून घेताना मी ते पत्र वाचलं आणि मी काहीच बोलले नाही. न बोलणं हे आमच्या घरात वंशपरंपरेनं आलेलं आहे. आता मी म्हटलं, ‘विसर्जनानंतर बोलू भोपाळचं.’ ती म्हणाली, ‘विसर्जन के अगले दिन तो मैं जा रही हूँ.’ मी म्हटलं, ‘मी हो म्हटलेलं नाही अजून.’ ‘आपसे पूछा कब, आई? बताया था.’ ‘बाबांना विचारलंस?’ ‘बाबा ने कहा, आई से पूछो.’ मी म्हटलं, ‘मग विचार ना!’ ती हसली. मला त्या हसण्याचा इतका राग आला की कणकेत पाणी जास्त झालं. ‘ते पान तू माझ्यावर लिहिलंस,’ मी म्हटलं, ‘चारचौघांत माझी शोभा करायला. ती आई म्हणजे मी, ते अंगण म्हणजे हे घर. कळतं मला.’ मुक्तानं ग्लास ओट्यावर ठेवला. ‘आप पर? आप पर क्यों लिखूँगी मैं? आपके साथ ऐसा हुआ ही क्या है?’

तिला ते लागावं म्हणून ती बोलली नव्हती, आणि त्यामुळंच ते लागलं. तिच्या लेखी मी जन्मापासून या ओट्याशी उभी होते. सांगावं असं क्षणभर वाटलं. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? मला अडवलं असतं कुणी, मारलं असतं, कोंडलं असतं, तर सांगायला तोंड होतं. एक वाक्य छान म्हणता येत होतं म्हणून मी म्हटलं आणि माझं मीच दार लावून घेतलं, हे पोरीला सांगू? ती अमोघला सांगेल, अमोघ कीबोर्डवर बसवेल. आणि खरं सांगायचं तर त्या रात्री पोळ्या लाटताना मला तिचं दुःख होत नव्हतं, तिचा मत्सर वाटत होता. ती ते वाक्य बदलू शकते, इतक्या सहज, एक टाचणी टोचून! मी ते वाक्य सव्वीस वर्षं दर गणपतीत ऐकलं आणि एकदाही मला सुचलं नाही की त्यात दुसरं काही बसतं. आईनं लेकीचा मत्सर करावा हे पाप असेल, तर मी ते केलं. मला ती जायला नको होती. ती गेली तर मी जे केलं ते करायची काही गरज नव्हती, हे सिद्ध झालं असतं, आणि ते सिद्ध व्हायला मला नको होतं.

दुसऱ्या दिवशी लीलावती काकू आल्या. त्या मंडळाच्या अध्यक्ष. नवरा ब्रिगेडियर होऊन निवृत्त झाला, पण सॅल्यूट यांना लागतात. चिकनच्या भरतकामाची पांढरी साडी, हातात सुपारीचा डबा. ‘हेमा, पोरं काहीबाही करत नाहीयेत ना ग? तालमीला कुणाला येऊ देत नाहीत म्हणे. शेवट तसाच आहे ना?’ एका शब्दानं संपलं असतं सगळं. काकूंनी अमोघच्या बापाला फोन केला असता, विंग कमांडर साहेबांनी पोराला उभा केला असता, माझं पान परत फाइलमध्ये आलं असतं. मी काकूंना चहा दिला. ‘शेवट कसा असणार काकू? सगळ्यांना पाठ आहे तोच.’ काकूंना बरं वाटलं. ‘मी तर रुमाल दोन आणणार आहे,’ त्या म्हणाल्या. त्या गेल्यावर मी कप विसळत हसले. कारण मला दिसत होतं काय होणार ते, आणि त्या दीडशहाण्या पोरांपैकी एकालाही दिसत नव्हतं. त्यांनी तो सिनेमा लहानपणी आयांच्या मांडीवर पेंगत बघितला होता. सभागृह काय करतं हे त्यांना आठवत नव्हतं. मुक्ता टांग्यावर पाय ठेवील आणि तिनं तोंड उघडायच्या आत दोनशे माणसं म्हणतील, ‘आई, माझं गाणं तुझ्या अंगणापुरतंच.’ तिच्या आईवडिलांच्या वयाची, तिला कडेवर घेतलेली दोनशे माणसं. तेव्हा बघू टांग्यात कोण बसतं. मला काही करायचंच नव्हतं, फक्त विंगेत उभं राहायचं होतं. दगडाखाली बोट सापडलेलं बघावं आणि दगड उचलू नये, इतकंच.

प्रयोग सातव्या दिवशी संध्याकाळी सहाला. भाद्रपदातली उमस, सभागृहात सगळे कार्यक्रमपत्रिकेनं वारा घेत होते. व्हायचं तेच झालं. पहिल्या प्रवेशापासून पुढच्या रांगा नटांच्या पुढं. सावकार झालेल्या पोरानं तोंड उघडलं की वाक्य पहिल्या रांगेतून यायचं आणि मग त्या बिचाऱ्याकडून. पोरं आधी गोंधळली, मग चिडली, अमोघ माझ्या मागं येऊन कुजबुजला, ‘काकू, ये लोग चुप क्यों नहीं होते?’ मी म्हटलं, ‘दर वर्षी असंच असतं. तुला माहीत नव्हतं?’ माझ्या आवाजात जो आनंद होता तो त्यानं ऐकला असावा, कारण तो माझ्याकडं बघतच राहिला. मुक्ता मात्र गात होती. ती गायला लागली की लोक गप्प व्हायचे. ती सुरात इतकी सरळ उभी राहते की ऐकणाऱ्याला आपलं तोंड मिटावंसं वाटतं. ते मी तिला शिकवलेलं नाही, मलाही कुणी शिकवलं नव्हतं. विंगेतून तिची फक्त पाठ दिसत होती आणि पाठीवरची घामानं ओली झालेली चोळी. मला कौतुक वाटलं आणि त्याच दमात वाटलं, अजून वीस मिनिटं, बाई, मग कळेल.

एक्केचाळिसावं पान. दीप्ती उंबऱ्यात उभी, हातात पदर. टांगा उजवीकडं. मुक्ता गाठोडं घेऊन आली, टांग्यापाशी थांबली, वळली. पहिल्या रांगेत लीलावती काकूंनी पहिला रुमाल काढला. मुक्तानं गाठोडं खाली ठेवलं नाही, डावा पाय उचलून पायरीवर ठेवला, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण त्यांना तिच्याकडं बघायची गरजच नव्हती, ते आतल्या आत दुसरंच काही बघत होते. आणि सभागृह म्हणालं. सगळं सभागृह, एका आवाजात, शेवटी किंचित कापरं, ‘आई, माझं गाणं तुझ्या अंगणापुरतंच.’ बायका रडायला लागल्या. कुणीतरी टाळी सुरू केली. मुक्ता तशीच उभी. एक पाय वर, एक पाय खाली, तोंड अर्धवट उघडं, आणि एक शब्द नाही. तिनं मान वळवून विंगेकडं बघितलं. माझ्याकडं. मी फाइल धरून उभी होते. वाक्य माझ्या बोटाखाली होतं. मी ते देणार नव्हते. मी तिच्या डोळ्यांत बघत होते आणि ठरवून देत नव्हते. टाळी वाढत होती. मी तिच्यावरची नजर काढून प्रेक्षकांत बघितलं, जिंकणारा माणूस बघतो तसं, आणि तिसऱ्या रांगेत मला उल्हास दिसले. ते मध्यंतरात घरी गेले नव्हते. हाताची घडी सोडलेली, चष्मा कपाळावर सरकवलेला, डोळे ओले, आणि ते ओठ हलवत होते. सगळ्यांच्या मागून, एकटेच, उशिरानं, ‘तुझ्या अंगणापुरतंच’ म्हणत होते. त्यांना ते पाठ होतं. या माणसालाही पाठ होतं!

मला मुक्ताची दया आली नाही. तिच्यासाठी मी काही केलं असं कुणी म्हणू नये. मला त्या सगळ्या ओल्या तोंडांचा संताप आला, इतका की विंगेतला पडदा मुठीत आला. ती खुर्चीतली माणसं, नाक शिंकरून पोहे खाणारी, एका पोरीनं घरी राहावं म्हणून दर वर्षी सुखानं रडणारी. मी तोंड उघडलं आणि छातीतून, सव्वीस वर्षं न लावलेल्या आवाजात, म्हटलं, ‘आई, मी निघाले. तुझं अंगण तुला.’ प्रॉम्प्टरचा आवाज पहिल्या रांगेलाही ऐकू जाता कामा नये. माझा आवाज मागच्या भिंतीवर आपटून परत आला, मला तो ऐकू आला. टाळी थांबली. रुमाल थांबले. दोनशे माणसं विंगेकडं बघत होती, जिथं त्यांना फक्त काळा पडदा दिसत होता. मग मुक्ता ते वाक्य म्हणाली, माझ्यापेक्षा कितीतरी हळू, अगदी साधं, भाजी आणायला निघाल्यासारखं. आणि टांग्यात बसली. मागं उभी असलेली कॉलेजची पोरं शिट्ट्या वाजवायला लागली, पुढच्या रांगा बसून राहिल्या.

पडदा पडल्यावर ती सरळ माझ्याकडं आली. तोंडावरचा रंग घामानं ओघळला होता. मला वाटलं, आता ही गळ्यात पडेल, आणि ती पडली तर काय करायचं ते मला कळेना. ‘आप चिल्लाईं क्यों?’ ती म्हणाली. मी म्हटलं, ‘तू अडकली होतीस.’ ‘मैं अटकी नहीं थी! मुझे याद थी. मैं रुकी थी कि ये लोग चुप हो जाएँ, फिर बोलूँ. पूरा पॉज़ खा गईं आप.’ ‘माझ्याकडं बघितलंस तू.’ ‘हाँ तो, इशारा कर रही थी कि मत बोलिए.’ ती चोळीच्या बाहीनं गाल पुसायला लागली आणि रंग आणखी पसरला. ‘कितने दिनों से उस पॉज़ पर मेहनत कर रही थी मैं, आई.’ अमोघ आला, तिला ओढून घेऊन गेला, सगळी पोरं एकमेकांच्या गळ्यात पडून किंचाळत होती. लीलावती काकू विंगेच्या तोंडाशी उभ्या होत्या. ‘तुला माहीत होतं,’ त्या म्हणाल्या. मी म्हटलं, ‘होतं.’ त्या वळल्या आणि गेल्या. पुढच्या वर्षी गाणी तर नाहीतच, फाइलही मिळणार नव्हती.

चार दिवसांनी मुक्ता जाणार होती. मी लाइन दिली म्हणून नाही, नसती दिली तरी ती जाणारच होती. माझं हो तिला कधी नकोच होतं, आणि माझं नाहीसुद्धा. हे मला स्कूटरवर मागं बसल्यावर कळलं, आणि कळल्यावर राग यावा तर तोही येईना, नुसतीच थकले. मुक्ता मुलांबरोबर थांबली होती. उल्हास चालवत होते. रेल्वेचं फाटक बंद होतं. त्यांनी इंजिन बंद केलं. पुढं ट्रक, दोन्ही बाजूंना रिक्षा, शेंगदाणे विकणारा ओरडत होता. माझ्यापुढं त्यांची मान होती, मानेवर मागच्या आठवड्यात न्हाव्यानं ओढलेली सरळ रेघ.

‘तो आवाज तुझा होता,’ ते म्हणाले.

‘हो.’

मालगाडी यायला लागली होती. त्यांनी मान वळवली नाही, समोरच्या ट्रककडं बघतच विचारलं, ‘तू कुठं जाणार होतीस?’

लग्नानंतर सव्वीस वर्षांत त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न असावा ज्याचं उत्तर स्वयंपाकघरात नव्हतं. मी तोंड उघडलं. मला पेटीतली लुगडी आठवत होती, मास्तरांची काळी टोपी आठवत होती, पोह्यांवरचं खोबरं आठवत होतं. नाटक कंपनीचं नाव आठवेना. मी डब्यामागून डबे जाताना बघत राहिले, जिभेवर अक्षर येतंय का बघत राहिले. शंभर वेळा मी आईला, दादांना, मास्तरांना दूषणं दिली होती, दर गणपतीत, दर आजारपणात, आणि एवढ्या वर्षांत एकदाही ते नाव मनाशी उच्चारलं नव्हतं. नाटकाचंही नाही. मास्तरांनी ते सांगितलं होतं, का मी विचारलंच नव्हतं, तेही आठवेना. गाडी संपली. फाटक वर जायला लागलं, मागचे हॉर्न वाजवायला लागले.

‘आठवत नाही,’ मी म्हटलं.

‘अच्छा,’ ते म्हणाले आणि त्यांनी किक मारली.